पार्श्वभूमी : पुणे आकाशवाणीच्या वृत्त विभागासाठी लोक का धावून आले?

जून 2023 मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून त्याचं काम छत्रपती संभाजीनगरकडे सोपवायचं ठरलं, तेव्हा पुण्यात एकच ओरड झाली. केंद्र सरकारने निर्णयाला स्थगिती दिली आणि विषय वर्तमानपत्रांतून मागे पडला. हातात मोबाइल असताना रेडिओच्या दहा मिनिटांच्या बातम्यांसाठी एवढा जीव का टाकायचा, असं तेव्हा काही तरुण मित्रांनी विचारलं होतं. त्याचं उत्तर 1955-56 या दोन वर्षांत सापडतं.

मुंबईतलं नभोवाणी केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झालं. ते खासगी कंपनीचं होतं. तीन वर्षांत कंपनीचं दिवाळं वाजलं आणि कारभार सरकारकडे आला. 1936 मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळालं. स्वातंत्र्यानंतर केंद्रं वाढली. नागपूरला 1948 मध्ये केंद्र झालं आणि 2 ऑक्टोबर 1953 रोजी पुण्याला. याच वर्षी पुण्यात भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला होता. शहरात गाणारे आणि ऐकणारे दोन्ही होते. कमी होती ती रोजच्या व्यासपीठाची.

त्या काळचे नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर जन्माने पुण्याचेच. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा होती. 1952 मध्ये त्यांनी संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, कलावंतांसाठी स्वरचाचणीची कडक पद्धत आणली आणि सिनेसंगीताला जवळजवळ दार लावलं. लोकांनी सरळ सिनेगाणी वाजवणारं श्रीलंकेचं केंद्र, रेडिओ सिलोन, लावलं. शेवटी 1957 मध्ये आकाशवाणीलाच विविध भारती काढावी लागली. आकाशवाणीवरची पेटीची, म्हणजे हार्मोनियमची, बंदी मात्र केसकरांच्याही आधीची, 1940 पासूनची. ज्या मुलखात संगीत नाटकाचं पेटी-ऑर्गनशिवाय पान हलत नव्हतं, तिथे हा निर्णय किती बोचला असेल! केसकरांचा सिनेसंगीताबद्दलचा हट्ट चुकीचा होता असंच मला वाटतं. पण त्यांच्याच काळात लेखक-कलावंतांना निर्माते म्हणून आकाशवाणीत आणलं गेलं, आणि त्याचं मोल फार मोठं आहे. फाइलवर सही करणाऱ्याच्या शेजारी लिहिणारा आणि गाणारा माणूस येऊन बसला.

पुणे केंद्राचे तेव्हाचे अधिकारी सीताकांत लाड यांनी ग. दि. माडगूळकरांकडे एका संगीत मालिकेचा विषय काढला आणि त्यातून गीतरामायण उभं राहिलं. 1 एप्रिल 1955, शुक्रवार, रामनवमी. त्या दिवशी पहिलं गीत प्रसारित झालं. पुढे आठवड्याला एक नवं गीत. गदिमा लिहायचे, सुधीर फडके चाल बांधायचे, वाद्यमेळ जमायचा, ध्वनिमुद्रण व्हायचं, की लगेच पुढच्या आठवड्याची तयारी. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे यांच्यासारखे गायक त्यात होते. एका वर्षाची 52 गीतं ठरली होती. त्या साली अधिक भाद्रपद आला आणि गीतं 56 झाली. पंचांगाला धरून मालिका लांबवायची मोकळीक त्या केंद्राला होती, हे मला विशेष वाटतं. श्रोत्यांनी रेडिओला हार घातल्याच्या आठवणी तर घरोघरी सांगितल्या जातात.

गीतरामायणाचे शेवटचे आठवडे चालू असतानाच याच केंद्रावरून दुसरा एक प्रयोग सुरू होता. त्याची आठवण फार कमी लोकांना आहे. फेब्रुवारी ते एप्रिल 1956 या काळात, युनेस्कोच्या साहाय्याने, तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं त्यासाठी निवडली होती. गावातली वीसेक माणसं मंडळ करून आठवड्यातून दोनदा रेडिओसमोर बसत. शेती, आरोग्य, गावकारभार अशा विषयांवरचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत. तो संपला की रेडिओ बंद करून आपसात चर्चा करत, आणि जे अडलं ते केंद्राला लिहून कळवत. त्याची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून मिळत. असे वीस कार्यक्रम झाले.

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या वतीने समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी याचा अभ्यास केला. मंडळ असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओच नसलेली गावं अशी तुलना त्यांनी केली. मंडळाच्या गावांमध्ये लोकांच्या माहितीत स्पष्ट वाढ दिसली. नुसता रेडिओ असून तेवढं साधत नव्हतं. ऐकल्यावर बोलायला माणसं हवी होती आणि प्रश्न विचारला तर उत्तर द्यायला जवळचं केंद्र हवं होतं. 1959 मध्ये ही कल्पना देशभर नेण्यात आली. विज्ञानाचा प्रसार हा शब्द आज आपण सहज वापरतो, पण त्याची इतकी नेटकी चाचणी मराठी भाषेतून, मराठी गावांत तेव्हाच झाली होती.

गदिमांचे धाकटे भाऊ व्यंकटेश माडगूळकर याच केंद्राच्या ग्रामीण विभागात नोकरीला होते. एक भाऊ रामकथा लिहितो आहे, दुसरा खेड्यापाड्यांसाठी कार्यक्रम करतो आहे, आणि दोन्ही एकाच केंद्राच्या लहरींवरून जातं आहे. कला एका खात्याची आणि विज्ञान दुसऱ्या खात्याचं, अशी फाळणी तिथे नव्हती. 1991 मध्ये मानवाच्या उत्क्रांतीवरची मोठी विज्ञानमालिका आकाशवाणीवरून अनेक भारतीय भाषांत गेली, तीही याच परंपरेत बसणारी.

खासगी एफएम आलं तेव्हा रेडिओची भरभराट झाली, पण बातम्यांचं दार त्याला बंदच राहिलं. खासगी वाहिनीला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. 2011 च्या धोरणात थोडी सूट मिळाली. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, सांस्कृतिक कार्यक्रम आणि उत्सव यांची माहिती 'बातमी' धरली जाणार नाही, असं ठरलं. म्हणजे अमुक सभागृहात आज कुणाचं गाणं आहे, हे खासगी वाहिनीला सांगता येतं. पण त्याच सभागृहाची डागडुजी महापालिकेने का थांबवली, किंवा पुण्यातल्या एखाद्या प्रयोगशाळेत काय नवं सापडलं, हे बातमी म्हणून द्यायचं तर रेडिओवर एकटी आकाशवाणीच उरते. वृत्त विभाग पुण्याबाहेर गेला असता, तर या शहराची बातमी रेडिओसाठी पुण्यात बसून लिहिणारं दुसरं कुणीही राहिलं नसतं.