निरसे दूध

निरसे दूध म्हणजे धार काढल्यावर न तापवलेले दूध. तेच कासेच्या उबेसकट लगेच प्यायले, तर त्याला धारोष्ण म्हणतात. विदर्भाच्या खेड्यांत दूध आणले की आधी चुलीवर चढते, त्यामुळे रोजच्या पिण्यात निरसे दूध फारसे नसते. ते पोटात जाते आडवाटेने: धार चालू असताना कोठ्यात पेला घेऊन बसलेल्या पोराच्या, तालमीतल्या गड्याच्या, अभिषेकानंतर तीर्थ घेणाऱ्याच्या आणि तापाने अंथरूण धरलेल्या माणसाच्या.

धारोष्णाची थोरवी जुनी आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात ते अमृतासारखे म्हटले आहे. एवढा चरण पुष्कळांना ठाऊक असतो. त्याच श्लोकाची सुरुवात मात्र निरसे दूध जड आणि कफ वाढवणारे असते, नीट तापवलेले तसे नसते, अशी आहे. तिकडे सहसा कोणी जात नाही.

तापवल्याने दुधातला कस जातो, हा समज बराचसा पोकळ आहे. प्रथिने, स्निग्धांश, कॅल्शियम जवळपास तेवढेच राहतात. ब१ आणि क ही जीवनसत्त्वे थोडी घटतात, पण क जीवनसत्त्व दुधात मुळातच नावापुरते. त्यासाठी नागपुरी संत्री आहेत. ज्यांना दूध पचत नाही त्यांना निरसेही पचत नाही, कारण दुधातली साखर दोन्हींत सारखीच. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये शेतावरचे दूध पिणाऱ्या मुलांत दमा व ॲलर्जी कमी आढळली, हे खरे. पण तेवढ्यावरून निरसे दूध प्या, असा सल्ला त्या अभ्यासकांनीही दिलेला नाही.

धोक्याचे म्हणाल, तर नजरेला काहीच दिसत नाही. कास कोमट पाण्याने धुतलेली, कासंडी राखेने घासून उन्हात पालथी घातलेली, दुधावर पांढराशुभ्र फेस. हात आणि भांडे स्वच्छ असले की शेणामातीतून येणारे जंतू कमी होतात. ब्रुसेला नावाचा जंतू मात्र कासेतूनच दुधात उतरतो. गाय एकदा गाभडते, पुढे धडधाकट दिसते, दूधही देते आणि त्याच दुधातून जंतू सोडत राहते. माणसाला होणाऱ्या ब्रुसेलोसिसमध्ये ताप चढतो-उतरतो, रात्री घाम फुटतो, कंबर व सांधे धरतात. मलेरिया किंवा टायफॉइड समजून उपचार होतात आणि खरे दुखणे मागे राहते. नेमके निदान झाल्यावरही प्रतिजैविके साधारण सहा आठवडे घ्यावी लागतात. जनावरांचा क्षय आणि साल्मोनेला, लिस्टेरिया हे जंतू यांनाही निरसे दूध ही वाट मोकळी असते. गरोदर बाया, तान्ही मुले आणि म्हातारी माणसे यांना त्यांचा त्रास अधिक.

शेळीच्या दुधाची गोष्ट वेगळी काढून सांगावी लागते. डेंग्यूची साथ आली की प्लेटलेट वाढतात म्हणून बेरारी शेळीचे निरसे दूध शोधत लोक वाड्यावस्त्यांवर फिरतात. प्लेटलेट वाढल्याचा पुरावा नाही. उलट ब्रुसेलाचा माणसाला सर्वांत जास्त झोंबणारा प्रकार शेळ्या-मेंढ्यांतच असतो. आधीच खचलेल्या रोग्याला नवे दुखणे पाजायचे, असा हा उपाय.

‘मायचं दूध कोनी तापवते काय?’ हा बिनतोड वाटणारा सवालही कानी येतो. पण वासरालाही हा रोग आईच्या दुधातून लागू शकतो.

पाश्चरीकरणात दूध ६३ अंश सेल्सियसला ३० मिनिटे किंवा ७२ अंशांना १५ सेकंद ठेवतात. घरी ढवळून एक खळखळती उकळी आणली, तरी हे जंतू मरतात. विरजणाने मात्र ते मरतीलच असे नाही, म्हणून निरस्या दुधाचे दही-ताकही त्यातच मोजायचे. जनावरांसाठी ब्रुसेलाची लस आहे. ती कालवडींना आणि वगारींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात एकदाच टोचतात. गोऱ्ह्यांना देत नाहीत.