अझोर अहाय आणि प्रॉमिस्ड प्रिन्स: अवतार वेगळा, वारस वेगळा

गेम ऑफ थ्रोन्सवर (जॉर्ज मार्टिनची पुस्तकं आणि त्यावरची मालिका) गप्पा निघाल्या की थोड्या वेळात कुणीतरी विचारतंच, अझोर अहाय, म्हणजे भाकितातला परत येणारा योद्धा कोण, जॉन स्नो की डॅनी (डेनेरिस टार्गेरियन)? मग दोन्ही बाजूचे लोक खुणा मोजायला बसतात, धूर कुठला, मीठ कुठलं, तारा कुठला, आणि त्या मोजणीत दोन वेगळ्या भाकितांची इतकी सरमिसळ झालेली असते की वाद नेमका कशावर चाललाय तेच कळेनासं होतं. एकजण म्हणतो गादीचा दावेदार स्टॅनिस हा टार्गेरियन घराण्यातला नाही, म्हणून तो अझोर अहाय असूच शकत नाही. दुसरा म्हणतो डॅनीकडे तलवार कुठंय, मग ती प्रॉमिस्ड प्रिन्स, म्हणजे वचन दिलेला राजपुत्र, कशी? ही दोन्ही विधानं चूक आहेत आणि एकाच कारणाने चूक आहेत, एका भाकिताची अट उचलून दुसऱ्याला लावलीय. हे मी इतक्या वेळा वाचलंय की आता एकदा नीट मांडून टाकावंसं वाटलं. पुस्तकं वाचली नसतील तर इथेच थांबा, पुढे सगळं उघड लिहिलंय.

अझोर अहाय तुम्हाला माहीतच असेल, त्यामुळे पटकन. पूर्वेला असाय नावाचं शहर, तिथल्या जुन्या ग्रंथांत लिहिलेलं भाकीत, ते सांगणारे लाल देवाचे पुजारी. लांबलेल्या उन्हाळ्यानंतर तारे रक्त ढाळतील, जगावर अंधाराचा गार श्वास पसरेल, तेव्हा एक योद्धा आगीतून जळती तलवार बाहेर काढेल, ती तलवार म्हणजे लाइटब्रिंगर आणि ती धरणारा म्हणजे पुन्हा आलेला अझोर अहाय. 1998 च्या दुसऱ्या पुस्तकात ड्रॅगनस्टोन बेटावर सात देवांच्या मूर्ती जाळतात आणि स्टॅनिस त्या आगीतून तलवार उपसतो, तो सगळा देखावा याच भाकितासाठी.

प्रॉमिस्ड प्रिन्सचं भाकीत लोकांना कमी माहीत असतं, कारण ते एका जागी सलग कुठे दिलेलंच नाही, तुकड्यातुकड्यात विखुरलंय. एक तुकडा हाऊस ऑफ द अनडाइंग या मायावी घरात. डॅनीला दिसतं की तिचा मेलेला भाऊ रेगार एका बाईजवळ उभा आहे, ती बाळाला पाजतेय, आणि तो म्हणतो हाच तो वचन दिलेला राजपुत्र, बर्फाचं आणि आगीचं गाणं याचंच. मग तो म्हणतो अजून एक हवा, ड्रॅगनला तीन डोकी असतात. दुसरा तुकडा डॅनीच्या पदरी असलेल्या म्हाताऱ्या बॅरिस्टन सेल्मीकडून, 2011 च्या पाचव्या पुस्तकात. ओल्डस्टोन्सच्या जेनीने दरबारात एक जंगलातली म्हातारी आणली होती, तिने सांगितलं की हा राजपुत्र एरिस आणि रेलाच्या वंशात जन्मेल, आणि तेवढ्या शब्दावर राजा जेहेरिस दुसऱ्याने एरिस आणि रेला या आपल्याच मुलाचं आणि मुलीचं लग्न लावून दिलं. त्या दोघांचं एकमेकांवर प्रेम नव्हतं. एका भाकितापायी लावलेलं लग्न, त्यातून रेगार, व्हिसेरिस, डेनेरिस, आणि पुढे घडलेलं सगळं. तिसरा तुकडा भिंतीवरच्या म्हाताऱ्या विद्वानाचा, मेस्टर एमनचा, त्याच्याकडे येतोच.

आता फरक. अझोर अहाय हा अवतार आहे आणि प्रॉमिस्ड प्रिन्स हा वारस आहे. आपल्याकडच्या वाचकाला हे खरं तर चटकन कळायला हवं, कारण देव पुन्हा जन्म घेणार ही एक गोष्ट आणि अमक्या घराण्यात अमक्याच्या पोटी मूल जन्मणार ही दुसरी गोष्ट, हे आपण लहानपणापासून ऐकतोय. पहिल्यात जुनाच कुणीतरी परत येतो, कुणाच्या पोटी ते महत्त्वाचं नाही, ओळख पटते ती त्याच्या हातातल्या वस्तूवरून. दुसऱ्यात जुनं कुणी परत येत नाही, नवाच माणूस येतो आणि त्याची ओळख त्याच्या कुळावरून. म्हणजे एक तलवारीचा प्रश्न आहे आणि एक रक्ताचा. असायच्या भाकितात टार्गेरियन हा शब्द नाही, वंश नाही, आईबाप नाहीत. म्हातारीच्या भाकितात तलवार नाही. कुणाही उमेदवाराचं नाव घेण्याआधी आपण कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतोय ते ठरवा, अर्धे वाद तिथेच मिटतात.

मग घोळ झाला कुठून? माझ्या मते एका प्रसंगातून, आणि तो प्रसंग सावकाश वाचायला हवा. तिसरं पुस्तक, 2000 सालचं, एमनचा मदतनीस सॅम, त्याचा शेवटचा चॅप्टर. उत्तरेच्या भिंतीवर पहारेकऱ्यांच्या लॉर्ड कमांडरच्या निवडणुकीचा घोळ चाललाय, स्टॅनिस सगळ्यांना बोलावून झापतोय, शेजारी त्याची लाल पुजारीण मेलिसांड्रे. ती पहाटेसाठीच्या युद्धाचं बोलते. त्यावर आंधळा मेस्टर एमन विचारतो, पण मग तो वचन दिलेला राजपुत्र कुठंय? ती म्हणते तुमच्या समोरच उभा आहे, स्टॅनिस म्हणजे अझोर अहाय पुन्हा आलाय. बघा काय झालं ते. एमनने प्रॉमिस्ड प्रिन्सबद्दल विचारलं आणि उत्तर अझोर अहायचं आलं. तिने दोन्ही एकच आहेत असं सिद्ध केलेलं नाही, नुसतं एकाच्या जागी दुसरं ठेवून दिलं, आणि वाचकाने ते तसंच उचललं.

एमनने मात्र उचललं नाही. तो स्टॅनिसला तलवार दाखवायला सांगतो, ती झळाळते, सगळे बघत राहतात. नंतर तो सॅमला विचारतो, तुला धग जाणवली का? म्यान लाकडाचं आणि चामड्याचं ना, मग चामडं करपलेलं दिसलं का, लाकूड काळं पडलंय का? सॅम म्हणतो नाही, मला तरी दिसलं नाही. डोळे नसलेल्या माणसाने दोन प्रश्नांत निकाल लावला, उजेड आहे पण धग नाही. ही तलवारीची परीक्षा.

आणि पुढच्याच पुस्तकात, 2005 च्या, मरणाच्या दारात एमन सॅमशी बोलतो तेव्हा दुसरी परीक्षा येते. तो म्हणतो स्टॅनिसमध्येही ड्रॅगनचं थोडं रक्त आहे, एगची (एमनचा भाऊ, राजा एगॉन पाचवा) मुलगी रेल ही त्याच्या वडिलांची आई, लहानपणी ती मला अंकल मेस्टर म्हणायची, ते आठवलं म्हणून मी आशा धरली. म्हणजे स्टॅनिसला प्रॉमिस्ड प्रिन्स म्हणून तपासताना एमन लगेच कुळ शोधायला लागतो. मेलिसांड्रेने स्टॅनिसची आजी कोण हे कधी विचारलंय? तिला गरजच नाही, तिच्या भाकितात आजीला जागा नाही. दोघं एकाच माणसाकडे बघतायत पण दोघांच्या हातातला कागद वेगळा आहे. आणि म्हातारीची अट काटेकोर लावली तर स्टॅनिस इथेही बसत नाही, कारण रेल ही जेहेरिसची बहीण, ती एरिस आणि रेलाच्या वंशातली नव्हेच. (रेल आणि रेला या दोन वेगळ्या बायका आहेत, हाही गोंधळ बऱ्याच जणांचा होतो.)

मान्य करण्यासारखा मुद्दा एक आहे आणि तो तगडा आहे, धूर आणि मीठ दोन्हीकडे आहेत. मेलिसांड्रे म्हणते अझोर अहाय धूर आणि मिठाच्या मधे पुन्हा जन्मेल आणि दगडातून ड्रॅगन जागे करेल. एमन हीच खूण प्रॉमिस्ड प्रिन्सला लावतो. रेगार जन्मला त्या दिवशी समरहॉलचा महाल जळाला, तो धूर, आणि मेलेल्यांसाठी लोक रडले, ते अश्रूंचं मीठ. पुढे रेगारचं स्वतःचं मत बदललं, मुलगा एगॉनच्या गर्भधारणेच्या रात्री राजधानी किंग्ज लँडिंगवर धूमकेतू दिसला आणि रक्ताळलेला तारा म्हणजे धूमकेतूच अशी त्याची पक्की खात्री झाली. त्यामुळे दोन्ही भाकितं मुळात एकाच जुन्या गोष्टीच्या दोन शाखा असतील, हे शक्य आहे, मला अशक्य वाटत नाही. पण खुणा सारख्या आहेत यावरून माणूस एकच आहे असं निघत नाही, आणि या खुणांचा भरवसा तर बिलकुल धरू नये, कारण त्या कुणालाही बसतात. डॅनी ज्वालामुखीच्या बेटावर वादळात जन्मली, धूर आला, समुद्राचं मीठ आलं. तिचा नवरा ड्रोगोच्या चितेचा धूर, वर लाल धूमकेतू, पुन्हा आलं. जॉनला भोसकलं तेव्हा थंडीत जखमांतून वाफ निघत होती, भोसकणाऱ्यांतल्या बोवेन मार्शच्या गालावरून अश्रू ओघळत होते, आणि जरा आधीच वुन वुन या राक्षसाने सरदार पॅट्रेकला आपटलं तेव्हा त्याच्या झग्यावरचे निळे तारे रक्ताने माखले होते. इतकी लवचिक खूण म्हणजे पुरावा नव्हे. धूर आणि मिठावर भांडण्यात लोकांनी वर्षं घालवलीत आणि माझ्या मते ती वाया घालवलीत.

मेलिसांड्रेच्या शब्दावर मी एवढा का अडून बसतो ते पण सांगतो. तिला दिसतं ते बहुतेक खरं असतं, अर्थ चुकतो. तिने ज्वाळांत पाहिलं की हिरव्या चिलखतातला स्टॅनिसचा भाऊ रेनली किंग्ज लँडिंगच्या तटाखाली स्टॅनिसची फौज चिरडतोय. रेनलीला मारलं, आणि तरी तेच घडलं, चिलखत रेनलीचं होतं, आत गार्लन टायरेल होता. मरायला टेकलेल्या घोड्यावरची राखाडी मुलगी दिसली, ती म्हणाली जॉनची बहीण आर्या, निघाली अॅलिस कारस्टार्क. चित्र खरं, नाव चुकीचं, प्रत्येक वेळी. मग अझोर अहाय आणि प्रॉमिस्ड प्रिन्स एकच हे तिचं म्हणणं आपण डोळे झाकून का घ्यायचं? शिवाय तिच्याच धर्माचा व्होलांटिसमधला मोठा पुजारी बेनेरो डेनेरिसला अझोर अहाय म्हणून गावभर सांगतोय. एकच भाकीत, एकच देव, दोन उमेदवार.

एमनसुद्धा तटस्थ नाही, तो स्वतः टार्गेरियन आहे आणि आपण विश्वास ठेवायचा ठरवला की स्वतःलाच फसवतो हे तोच सॅमला सांगतो. तरी दोघांत निवडायचं तर मी डोळे झाकून एमनला निवडेन. तो प्रश्न विचारतो, पुरावा मागतो, आणि आयुष्यभर धरलेलं मत शंभरी ओलांडल्यावर सोडायची तयारी दाखवतो.

निसा निसाबद्दल एकदाच बोलतो, कारण यावर माझं डोकं सर्वात जास्त फिरतं. अझोर अहायने तलवार आधी पाण्यात विझवली, ती फुटली, मग सिंहाच्या काळजात, तीही फुटली, आणि शेवटी बायको निसा निसाच्या छातीत खुपसली तेव्हा लाइटब्रिंगर तयार झाली. ही गोष्ट स्टॅनिसच्या माणसाला, दाव्होसला सांगतो सलाडोर सान, समुद्री चाचा, आणि ती झालेल्या काळाची गोष्ट आहे. परत येणाऱ्याने पुन्हा बायको मारावी असं भाकितात कुठेही नाही. भाकीत म्हणतं आगीतून तलवार काढेल. संपलं. जॉन डॅनीला मारणार किंवा डॅनीने ड्रोगोला मारलं तीच निसा निसा, हे सगळे अंदाज त्या दंतकथेला भाकीत समजल्यामुळे निघालेत. अंदाज बांधायला हरकत नाही, पण भाकितात लिहिलंय असं म्हणू नका.

बाकीचे फरक किरकोळ. प्रिन्स पुरुषच हवा का, तर नको, ड्रॅगनला नर-मादी नसते आणि भाषांतरात चूक झाली हे एमनने सांगून टाकलंय. तीन डोकी हे रेगारचं वाक्य, म्हातारीने तसं सांगितल्याचं बॅरिस्टन म्हणत नाही. डोथराकी टोळ्यांच्या भाकितातला जग जिंकणारा घोडा हे तिसरंच प्रकरण, ते डॅनीच्या न जगलेल्या मुलाबद्दल होतं. ओल्ड नॅनच्या गोष्टीतला लास्ट हीरो हा उत्तरेकडचा, त्याला यात ओढायची गरज नाही.

मालिकेने दोन्ही भाकितं एका मोळीत बांधली, आणि मेलेल्यांच्या फौजेच्या म्होरक्याला, नाइट किंगला 2019 मध्ये आर्याने मारलं त्यावरून पुस्तकातल्या भाकिताचा निकाल लावणं मला अजिबात पटत नाही. 2022 च्या हाऊस ऑफ द ड्रॅगनने मात्र एक चांगलं केलं. तिथे पहिला टार्गेरियन राजा एगॉन द कॉन्करर स्वप्न बघतो आणि खंजिराच्या पात्यावर लिहिलेलं असतं की माझ्या रक्तातून वचन दिलेला राजपुत्र येईल. पुस्तकांत तो मजकूर नाही, पण रक्ताचा प्रश्न तिथे अगदी उघड मांडलाय.

माझं मत विचाराल तर रक्ताच्या प्रश्नाला डेनेरिस, एमनचंही शेवटचं मत तेच, चितेत ड्रॅगन जन्मले तोच त्याच्या मते पुरावा. तलवारीची जागा अजून रिकामी आहे. जॉनचे लोक म्हणतील मेलिसांड्रे अझोर अहाय दाखव म्हणून प्रार्थना करते आणि तिला फक्त स्नो दिसतो, शिवाय काळ्या बर्फाचं चिलखत आणि हातात लाल जळतं पातं असं जॉनला स्वप्नही पडलंय. हे दोन्ही मुद्दे मला आवडतात, आणि दोन्ही तलवारीच्या बाजूचे आहेत. त्याला प्रॉमिस्ड प्रिन्सही करायचं असेल तर त्याच्या आईबापांचा पुरावा पाच पुस्तकांतून द्या, मालिकेतून नको, कारण पुस्तकांत ते अजून कुणीही स्पष्ट बोललेलं नाही.