‘कझिन’ : मावसभावापासून कोणत्याही भावंडापर्यंत

कोल्हापुरातल्या एखाद्या मंगल कार्यालयात दोन पिढ्या शेजारी बसल्या असतील, तर एकाच मुलाची ओळख दोन तऱ्हांनी करून दिलेली ऐकू येते. आई सांगते, ‘ह्यो हिच्या थोरल्या आत्तीचा पोरगा, गडहिंग्लजला असतोय’. कॉलेजात जाणारी मुलगी त्याच्याचबद्दल ‘माझा कझिन’ एवढेच सांगून मोकळी होते. आईच्या वाक्यात नाते कोणत्या बाजूचे, आत्त्यांमधली कितवी आणि गाव कोणते, हे सगळे आलेले असते. मुलीच्या शब्दातून यातले काहीच कळत नाही. म्हणून तिला पुढे ‘ब्रदर’ किंवा ‘सिस्टर’ हे शेपूट जोडावे लागते, जे खुद्द इंग्लंडमध्ये कोणी जोडत नाही. हा मोघमपणा इंग्रजीचा जन्मजात गुण आहे असे आपण समजतो, पण शब्दाचा इतिहास तसे सांगत नाही.

‘कझिन’चे मूळ लॅटिनमधल्या ‘कोन्सोब्रिनस’ या शब्दात आहे. हा शब्द ‘बहीण’ या अर्थाच्या शब्दावरून घडलेला असून त्याचा मूळ अर्थ दोन बहिणींची मुले, म्हणजे आपल्याकडची मावस भावंडे, असा होता. चुलत भावंडांसाठी रोमन लोकांकडे ‘पात्रुएलिस’ आणि मामे-आते भावंडांसाठी ‘अमितिनस’ असे वेगळे शब्द होते. व्यवहारात मात्र कोन्सोब्रिनस सगळ्यांनाच लागू होऊ लागला आणि फ्रेंचमध्ये त्याचे आटोपशीर रूप झाले तेव्हा बाजूंचा भेद उरलेला नव्हता. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर ‘अंकल’, ‘आंट’ आणि ‘कझिन’ हे तिन्ही शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत शिरले. त्याआधीच्या जुन्या इंग्रजीत चुलत्याला आणि मामाला स्वतंत्र शब्द होते. चुलता-मामा हा भेद इंग्रजांनाही एके काळी आपल्यासारखाच महत्त्वाचा वाटत होता, तो पुढे गळून पडला.

त्याऐवजी इंग्रजीने पिढ्यांची मोजदाद पत्करली. आजा एक असेल तर फर्स्ट कझिन, पणजा एक असेल तर सेकंड कझिन, आणि दोघांच्या पिढ्यांत अंतर असेल तर ‘वन्स रिमूव्ह्ड’. या मोजणीला चर्चच्या विवाहनियमांमुळे वजन आले असावे, कारण 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने नातेवाइकांमधील विवाहबंदी सातव्या पायरीवरून चौथ्या पायरीवर आणली होती आणि लग्न ठरवताना पायऱ्या मोजणे अटळ होते. ही पद्धत गणिताला सोयीची असली तरी तिच्यात वडिलांचा चुलतभाऊ आणि चुलतभावाचा मुलगा एकाच नावाखाली येतात. आपल्याकडे पहिला चुलता लागतो आणि दुसरा पुतण्या. एकाला वाकून नमस्कार करायचा आणि दुसऱ्याला चहा आणायला पिटाळायचे, हा फरक त्या मोजणीत कुठेच दिसत नाही.

मधल्या काळात शब्द आणखी सैल झाला होता. सोळाव्या-सतराव्या शतकांत पुतण्या, भाचा किंवा लांबचा कोणीही नातलग ‘कझिन’ ठरत असे. ‘हॅम्लेट’मध्ये क्लॉडियस राजा आपल्या सख्ख्या पुतण्याला याच शब्दाने हाक मारतो. इंग्लंडचे राजे सरकारी पत्रांत अर्ल दर्जाच्या सरदारांनाही ‘कझिन’ म्हणत. ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने अठराव्या शतकात याचे मूळ चौथ्या हेन्रीच्या कारकिर्दीत (1399 ते 1413) दाखवले आहे. बायको, आई आणि बहिणी यांच्यामुळे त्याचे देशातल्या प्रत्येक अर्लशी काही ना काही नाते होते आणि ते तो धूर्तपणे प्रत्येक पत्रात बोलून दाखवत असे. सोयरिकीचे राजकारण आपल्या भागाला नवे नसल्याने ही चाल कोल्हापूरकराला लगेच कळेल.

1902 मध्ये छत्रपती शाहू महाराज ज्याच्या राज्यारोहणासाठी लंडनला गेले, त्या सातव्या एडवर्डचा जर्मन कैसर विल्हेल्म हा भाचा होता आणि रशियाचा झार निकोलस हा त्याच्या राणीच्या बहिणीचा मुलगा. एडवर्डनंतर गादीवर आलेल्या पाचव्या जॉर्जला इंग्रजीत हे दोघेही नुसते ‘फर्स्ट कझिन’. मराठीत मात्र विल्हेल्म त्याचा आतेभाऊ आणि निकोलस मावसभाऊ. जुलै 1914 च्या अखेरीस युद्ध टाळण्यासाठी कैसर आणि झार यांनी एकमेकांना ज्या तारा केल्या, त्यांतही ‘कझिन’ हेच नाते सांगितले आहे, जरी त्या दोघांचे रक्ताचे नाते जॉर्जशी असलेल्या नात्यापेक्षा बरेच दूरचे होते.

बाजू हरवल्याचा परिणाम लग्नाच्या बाबतीत सर्वांत ठळक दिसतो. आठव्या हेन्रीच्या काळात, 1540 च्या कायद्याने, इंग्लंडमध्ये फर्स्ट कझिनशी विवाह सरसकट वैध झाला. चार्ल्स डार्विनने 1839 मध्ये एमा वेजवुडशी आणि राणी व्हिक्टोरियाने 1840 मध्ये आल्बर्टशी केलेली लग्ने इंग्रजी चरित्रांत एकाच जातीची मानली जातात. आपल्या हिशेबात ती उलटसुलट आहेत. एमा ही डार्विनच्या मामाची मुलगी, म्हणजे अर्जुन-सुभद्रेचेच नाते. आल्बर्टने मात्र आत्याची मुलगी केली. इरावती कर्वे यांनी 1953 च्या आपल्या नातेसंबंधविषयक इंग्रजी ग्रंथात नोंदवल्याप्रमाणे महाराष्ट्रातल्या अनेक जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही. कोल्हापूरच्या खेड्यांतून भाच्याचा मामाच्या मुलीवरचा हक्क आजही निदान थट्टेत तरी काढला जातो. चुलत किंवा मावस बहिणीचा विषय मात्र थट्टेतही निघत नाही, आणि ‘कझिन मॅरेज’ या इंग्रजी शब्दजोडीत हे सगळे एकत्र कोंबलेले असते.

म्हणूनच की काय, 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातील निषिद्ध नात्यांच्या व्याख्येत हा शब्द वापरलेलाच नाही. तिथे ‘भाऊ आणि बहीण यांची, दोन भावांची किंवा दोन बहिणींची मुले’ असे फोडून लिहिले आहे, आणि दोन्ही पक्षांच्या रूढीने परवानगी असल्यास सूट ठेवली आहे. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात तर बाजूवरच क्रम ठरतो. विनामृत्युपत्र मेलेल्या पुरुषाला अनुसूचीतील जवळचे वारस नसतील, तर केवळ पुरुषांमार्फत जोडलेले नातलग आधी येतात आणि बाकीचे त्यांच्यानंतर. चुलतभाऊ पहिल्या गटात बसतो. मामेभाऊ, आतेभाऊ आणि मावसभाऊ दुसऱ्यात. त्यामुळे घरात कोणी कितीही ‘कझिन’ म्हणो, वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे द्यायच्या वंशावळीत प्रत्येक नाव कोणाच्या पोटचे आहे, हे सविस्तर मांडावे लागते.