180 ग्रॅमची, म्हणजे जाड आणि वजनदार ग्रामोफोन रेकॉर्ड जास्त चांगली वाजते?

नाही. सोलापुरात जुन्या जॅझच्या नव्या रेकॉर्डी मागवणारे अजूनही आधी वजन विचारतात, म्हणून हे एकदा स्पष्ट लिहितो.

आवाज असतो सुई फिरते त्या खाचेत, आणि जाड रेकॉर्डची खाच काही जास्त खोल कोरलेली नसते. या समजुतीला कारण मात्र आहे. 1970 च्या दशकात तेल महागलं तेव्हा कंपन्यांनी रेकॉर्डी पातळ केल्या, काहींनी वापरलेलं प्लास्टिक पुन्हा वितळवून घातलं. त्या खरखरायच्या. लोकांनी दोष पातळपणाला दिला, तो होता मालाचा.

विचारायचं ते हे: मूळ टेप कोणती, त्या टेपवरून खाचेची कोरणी कुणी केली, रेकॉर्डची छपाई (साच्यात दाबून प्रती काढणं) कुठे झाली. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 1959 चा अल्बम ‘काइंड ऑफ ब्लू’ घ्या. रेकॉर्डिंगच्या वेळी मुख्य टेप मशीन किंचित हळू फिरत होतं, त्यामुळे ती टेप नेहमीच्या वेगाने वाजवल्यावर पहिल्या बाजूची तिन्ही गाणी रेकॉर्डवर किंचित चढ्या सुरात वाजत राहिली. सुधारणा झाली थेट 1992 मध्ये, दुसऱ्या मशीनवरच्या राखीव टेपवरून. चुकीची टेप वापरून छापलेली रेकॉर्ड किलोभर वजनाची केली तरी सूर चढाच राहणार!

जाड रेकॉर्ड वाकत नाही, हेही पूर्ण खरं नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या पुढे जातो. उन्हात उभ्या गाडीत ठेवली तर तीही वाकते. घरात सावलीच्या भिंतीलगत, उभीच ठेवा.