चित्रकलेच्या तासातली ‘सूट’: दिव्यांग आणि इतर मुलांनी एकत्र चित्र काढण्याची पार्श्वभूमी

दृष्टिहीन आणि कर्णबधिर मुलांसाठी वेगळ्या शाळा मुंबईत शंभरहून अधिक वर्षांपूर्वी सुरू झाल्या. तिथे हाताला काम होते, पण ते पोट भरण्यापुरते: वेताच्या खुर्च्या विणणे, सुतारकाम, शिवण. ही मुले नेहमीच्या शाळेत येऊन बसली ती १९७४ च्या केंद्रीय योजनेनंतर. त्या योजनेत पुस्तके, गणवेश, प्रवास यांसाठी भत्ता होता आणि साधारण आठ मुलांमागे एक विशेष शिक्षक होता. हा शिक्षक मुलाला वर्गाबाहेर संसाधन कक्षात नेऊन शिकवणार. मग प्रश्न आला, कुठल्या तासाला न्यायचे? गणित, इंग्रजी बुडवून चालत नाही. म्हणून अनेक शाळांत चित्रकलेचा किंवा खेळाचा तास घेतला जाई. चारचौघांत मिसळण्याची सर्वांत मोठी संधी ज्या तासात होती, नेमका तोच तास गेला.

पुढची गुंतागुंत ‘सूट’ या व्यवस्थेने केली, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात दृष्टिहीनांसाठी निव्वळ गणिती प्रश्न वगळण्याची आणि कर्णबधिरांना एकच भाषा घेऊ देण्याची तरतूद होती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात वाढीव वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट आली. या यादीत चित्रकला नाही. पण परीक्षेत दृष्टिहीन मुलांना आकृती, नकाशा यांऐवजी पर्यायी प्रश्न मिळतात, आणि वर्गात त्याचा अर्थ ‘याला चित्र काढायला लावायचे नाही’ असा लावला गेला. त्याच २०१६ च्या कायद्याचे कलम २९ याच्या बरोबर उलट सांगते. त्यात कलावर्गांतला सहभाग सुकर करणे आणि कलाविषयांचे अभ्यासक्रम सहभागासाठी नव्याने आखणे हे दोन्ही स्पष्ट लिहिले आहे. शाळांमध्ये सूट माहीत असते, कलम २९ क्वचितच.

लेखनिकाची कल्पना चित्रात आणली की घोळ आणखी वाढतो. उत्तरपत्रिकेत मूल सांगते आणि लेखनिक उतरवतो, उत्तर मुलाचेच राहते. चित्रात रेषा हेच उत्तर असते. एकत्र काढताना दिव्यांग मुलाबरोबर दुसरे एक मूल जोडीला बसते. मुलाने सांगितल्याप्रमाणे या जोडीदाराने काढून दिले, तर ते चित्र जोडीदाराचे झाले. त्यामुळे जोडीचा पहिला नियम असा ठेवावा लागतो: जोडीदार कागद धरेल, रंगाचे नाव सांगेल, विचारल्यास रेषा कुठे संपली ते सांगेल, पण पेन्सिल त्याच्या हातात नसेल. हात धरून गिरवून घेणेही टाळावे. दाखवायचेच असेल, तर शिकणाऱ्याचा हात वर आणि दाखवणाऱ्याचा खाली ठेवावा. मग शिकणारा हवा तेव्हा हात काढून घेऊ शकतो.

दृष्टिहीन मुलाला स्वतःची रेषा बोटाला लागली पाहिजे. त्यासाठी बारा बाय अठरा इंचांच्या फळीवर खिडकीला लावतात ती डासांची जाळी ताणून बसवावी. तिच्या कडा चिकटपट्टीने पूर्ण झाकाव्यात, नाहीतर तारा बोटाला टोचतात. वर कागद आणि त्यावर मेणखडू दाबून ओढला की रेषा खरखरीत उमटते. सर्वांत जास्त चूक कागदात होते. चित्रकलेचे शिक्षक सवयीने जाड कार्ट्रिज कागद देतात. त्यातून जाळीचा पोत वर येत नाही आणि ‘याला जमत नाही’ असा निष्कर्ष निघतो. झेरॉक्सचा पातळ, ७५ ते ८० जीएसएमचा (दर चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) कागद घ्यावा. रबरी पाटी आणि प्लॅस्टिकची पातळ फिल्म असेल तर बॉलपेनने रेषा आणखी स्पष्ट उठते. फिल्म चारही बाजूंनी पकडलेली हवी. ती सरकली की रेषा तुटते.

मेंदूच्या पक्षाघातामुळे हात थरथरणाऱ्या मुलाला मोठा कागद, म्हणजे किमान ए-थ्री, लागतो. त्याचे चारही कोपरे चिकटवावेत आणि खडूला क्रेप बँडेज गुंडाळून मूठभर जाडी करावी. कर्णबधिर मुलाच्या जोडीत वेगळीच अडचण येते. तो चित्राकडे पाहत असताना खुणा दिसत नाहीत, आणि शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलले तर ओठही दिसत नाहीत. आधी सगळ्यांचे हात थांबवायचे, मग दाखवायचे, मग काढायचे, हा क्रम सोडता येत नाही.

पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात हे बसत नाही. मांडामांडीतच दहा मिनिटे जातात, म्हणून जोडतास लागतो. सुरुवातीची वीस मिनिटे दोघांचे स्वतंत्र कागद ठेवावेत आणि मग एक सामायिक कागद घ्यावा. थेट सामायिक कागदाने सुरुवात केली, तर वेगाने काढणारा पाच मिनिटांत जागा व्यापतो.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कला सक्तीची करण्याची शिफारस केली. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलांचा स्पष्ट समावेश झाला, आणि २०१८ पासून समग्र शिक्षा योजनेखाली समावेशित शिक्षणाचे काम चालते. मूल्यमापन मात्र जुन्याच चौकटीत राहिले. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांत स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे सगळे प्रत्येकाने एकट्याने सोडवायचे असते. यांपैकी इंटरमिजिएटच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीला मिळत असल्याने आठवी-नववीत चित्रकलेचे तास त्याच सरावाकडे वळतात आणि सामायिक कागद मागे पडतो. संकल्पचित्राच्या विषयात जाळीवर काढलेले, स्पर्शाने वाचता येणारे चित्र स्वीकारायचे ठरले, तर तपासणाऱ्यालाही ते हाताने पाहावे लागेल. परीक्षकांच्या प्रशिक्षणात त्यासाठी जागा करावी लागेल.