आंबट एल, पिंपात मुरवलेली

लाकडी पिंपात काही महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत मुरवलेली, यीस्टच्या जोडीने जीवाणूंनी आंबवलेली बिअर. बेल्जियममधील ब्रसेल्स परिसराची लँबिक आणि पश्चिम फ्लँडर्सची तांबडी एल हे तिचे सर्वाधिक अभ्यासलेले प्रकार होत. इतरत्र छोट्या ब्रुअरींत होणाऱ्या आंबट एल बहुधा या दोहोंवर बेतलेल्या असतात.

लाकडी पात्रात साठवलेली जुनी बिअर कमीअधिक आंबट होतच असावी, म्हणून या प्रकाराला आरंभवर्ष देणे कठीण आहे. लँबिकचा उगम मध्ययुगात नेण्याचा प्रघात असला, तरी त्या नावाचे लेखी उल्लेख अठराव्या शतकाच्या अखेरीपूर्वी फारसे आढळत नाहीत. सोळाव्या शतकातील फ्लेमिश चित्रकार ब्रूगेल याच्या चित्रांतील शेतकरी लँबिकच पीत आहेत, हे वारंवार केले जाणारे विधान पुराव्यापेक्षा प्रादेशिक अभिमानावर अधिक उभे दिसते. इंग्लंडमधील मुरवलेल्या एलचा खास गंध ब्रेटॅनोमायसीझ या यीस्टमुळे येतो, असे कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील क्लाउसेन यांनी १९०४ मध्ये मांडले.

लँबिकमधील सूक्ष्मजीव कोठून येतात, हा वाद जुना आहे. माल्ट (मोड आणून वाळवलेले सातू) व कच्चा गहू यांचा उकळलेला रस हिवाळ्यात उथळ, उघड्या पात्रात रात्रभर निवू देतात. ब्रसेल्समधून वाहणाऱ्या सेन नदीच्या खोऱ्यातील हवेतच हे जीव असतात आणि म्हणून लँबिक अन्यत्र होऊ शकत नाही, हे परंपरेचे मत. किण्वनात आधी आतड्यांतील जीवाणूंचे सजातीय, मग सॅकरोमायसीझ हे नेहमीचे यीस्ट, पुढे पेडिओकॉकस हा लॅक्टिक अम्ल करणारा जीवाणू व शेवटी ब्रेटॅनोमायसीझ असा क्रम लागतो. अमेरिकेत उघड्या पात्रात निववलेल्या एलमध्येही साधारण हाच क्रम आढळल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. पिंपांच्या आतील लाकडावरही हे जीव टिकून राहतात. त्यामुळे आरंभ हवेतून आणि पुढची वस्ती बऱ्याच अंशी लाकडातून, हे मत अधिक ग्राह्य वाटते. खोऱ्याचा महिमा त्याने उणावतो, हे खरे.

चव घेताना लॅक्टिक व ॲसेटिक अम्ले वेगळी ओळखणे महत्त्वाचे. लॅक्टिक आंबटपणा जिभेवर कळतो, त्याला गंध जवळजवळ नसतो. ॲसेटिक अम्ल व्हिनेगरसारखे आधी नाकाला लागते आणि घशाशी चुरचुरते. तांबड्या एलमध्ये ते थोडे अपेक्षित असते, लँबिकमध्ये जास्त झाल्यास दोष मानतात. लहान पिंपात द्रवाच्या मानाने लाकडाचा पृष्ठभाग जास्त, म्हणून ऑक्सिजन अधिक शिरतो आणि हा धोका वाढतो. ब्रेटॅनोमायसीझमुळे येणारा चामडे, गवत किंवा तबेल्याचा वास मुख्यतः ४-इथिलफिनॉल या संयुगाचा असतो. ओकचा व्हॅनिलासारखा गंध नव्या पिंपातून येतो. लँबिकची पिंपे सहसा आधी वाइनसाठी वापरलेली असल्याने तो तीत क्षीण असतो.

टेट्राहायड्रोपिरिडीन संयुगांचा, उंदराच्या पिंजऱ्याची आठवण देणारा दोष विशेष फसवा आहे. आम्ल द्रवात ही संयुगे वासाला येत नाहीत. घोट गिळल्यावर लाळेने आम्लता कमी झाली की काही क्षणांनी जाणवतात. काहींना ती मुळीच जाणवत नाहीत, त्यामुळे परीक्षकांत मतभेद होतात. ही बिअर फार गार प्यायल्यास गंध दबतात. साधारण १०–१३° से. तापमान सोयीचे. एक, दोन व तीन वर्षांच्या लँबिकचे मिश्रण बाटलीत पुन्हा आंबवले की ग्यूज, आंबट चेरी मुरवल्या की क्रीक.