पीबीआर (नदीतील गस्ती नौका)

पीबीआर म्हणजे अमेरिकी नौदलाची ‘पॅट्रोल बोट, रिव्हर’. व्हिएतनाम युद्धात मेकाँगचा त्रिभुज प्रदेश आणि सायगावलगतचे रुंग साट खारफुटीचे जंगल येथे ती वापरली गेली. या भागातील नद्या आणि कालवे हेच गनिमांचे रस्ते होते. ते अडवण्यासाठी डिसेंबर १९६५ मध्ये ‘गेम वॉर्डन’ मोहीम उभी राहिली आणि मार्च १९६६ मध्ये पहिल्या नौका तिथे पोहोचल्या.

नवी नौका मुळापासून घडवायला सवड नव्हती. वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम येथे युनायटेड बोटबिल्डर्स हा कारखाना सहलीच्या फायबर बोटी बनवत असे. त्यांचा तयार ३१ फुटी साचाच घेतला गेला.

या नौकेला पाण्यात फिरून ती पुढे ढकलणारा पंखा (प्रोपेलर) नाही, आणि तिचे सगळे गुण-दोष यातूनच आले आहेत. दोन डिझेल इंजिने दोन पंप चालवतात. पंप तळाच्या जाळीतून पाणी ओढतात आणि मागे जोराने फेकतात. झोताचे तोंड फिरवले की नौका वळते, म्हणून वेगळे सुकाणू लागत नाही. झोतावर झडप पाडली की पाणी उलट पुढे फेकले जाते. त्यामुळे भरधाव नौकाही थोड्या अंतरात थांबते आणि जागच्या जागी तोंड फिरवते. तिला दोन फूट पाणी पुरते. मात्र जलपर्णी जाळीत अडकली की पंप कोरडा पडे. आपल्याकडे पंचगंगेचे पात्र झाकणारी तीच ही वनस्पती. मग गढूळ पाण्यात उतरून खलाशाला ती हाताने उपसावी लागे, आणि तेही काठावर बंदूक रोखलेली असू शकते हे ठाऊक असताना.

नौकेवर माणसे चारच. पुढच्या खोबणीत जोड मशीनगन, मागे आणखी एक. नौका चालवणाऱ्याभोवतीचे थोडे चिलखत सोडले, तर बाकी सारे पातळ फायबर. वेग हेच संरक्षण.

रोजचे काम मात्र लढाईचे नव्हते. सांपान, म्हणजे तिथल्या सपाट लाकडी होड्या, थांबवायच्या, ओळखपत्रे पाहायची, भाताच्या पोत्यांखाली हात घालून शस्त्रे शोधायची. ज्यांची झडती होई ते बहुतेक कोळी आणि शेतकरी. रात्री संचारबंदी असे, म्हणून अंधारात जाळे टाकायला निघालेला माणूसही शत्रू ठरू शके. या गस्तीचा इतिहास सांगताना हे वगळता येत नाही. सांपान सतत बाजूला घासून कडा झिजत, म्हणून ‘मार्क २’ या सुधारित प्रकारात कडेला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आली.

३१ ऑक्टोबर १९६६ रोजी जेम्स इलियट विल्यम्स यांच्या हाताखालच्या दोन नौका पळणाऱ्या एका सांपानाचा पाठलाग करता करता शत्रूच्या मोठ्या जमावात शिरल्या. अंधार पडू लागला तेव्हा त्यांनी शोधदिवे लावायला सांगितले आणि नौका काठाजवळ नेल्या. तीन तासांच्या या चकमकीत ६५ होड्या नष्ट झाल्या. विल्यम्स यांना ‘मेडल ऑफ ऑनर’ हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले.

अमेरिकी सैन्य परतू लागले तेव्हा या नौका दक्षिण व्हिएतनामच्या नौदलाकडे सोपवण्यात आल्या.